आधी कॉन्टॅक्ट बघ!

१९७७ साली मी टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागलो. तेव्हाची एक्स्चेंज म्हणजे आजच्यासारखी थंडगार, मुकी खोली नव्हे. स्ट्रोजर पद्धतीची ती अवाढव्य यंत्रणा दिवसभर बोलत असायची. स्विचरूममध्ये पाऊल टाकलं की पावसाची सर पत्र्यावर कोसळावी तसा रिलेंचा कडकडाट कानावर यायचा. कोणी कुठे नंबर फिरवला की इकडे एखादा वायपर टकटक करत वर चढायचा, वळायचा, आणि दोन माणसांची गाठ घालून द्यायचा.

आमच्या शिफ्टला एक ज्येष्ठ टेक्निशियन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पोलादाची एक पातळ पट्टी ठेवली आणि म्हणाले, "लाइन बंद पडली की नवी पोरं वायर तपासत सुटतात. वायर बिचारी सहसा इमानी असते. आधी कॉन्टॅक्ट बघ. दोन वस्तू जिथे भेटतात तिथेच सगळी भांडणं."

ती पट्टी रिलेचे चांदीचे टिकलीएवढे ठिपके साफ करायची. प्रत्येक पातीवर असे दोन-दोन ठिपके असत. एकाखाली धुळीचा कण आला तर दुसऱ्याने वीज वाहून न्यावी, एवढाच त्यामागचा हिशेब. वर्षानुवर्षं मी ते ठिपके घासले. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, रिले भंगारात गेले, मी निवृत्त झालो आणि पट्टी ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. ती पुन्हा बाहेर निघेल, आणि तीही माझ्या मुलीच्या पीएच.डी.साठी, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मुलगी हॉलंडमधल्या एका विद्यापीठात होती. तिचा विषय मी शेजाऱ्यांना सांगायचो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आणि गोंधळ निम्मा निम्मा असायचा: केवळ एका रेणूच्या जाडीच्या थरातून वीज कशी वाहते? खरं सांगायचं तर माझीही अवस्था वेगळी नव्हती. एका डिसेंबरात रात्री तिचा फोन आला. आवाज उतरलेला. म्हणाली, "बाबा, चौदा महिने मी रेणू मोजतेय असं समजत होते. मी कॉन्टॅक्ट मोजत होते."

ते वाक्य मात्र मला शंभर टक्के कळलं.

एका रेणूचा थर ही कल्पना दिसते तेवढी नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधल्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि ते जवळजवळ अर्धा एकर पसरलं, असं त्यांनी १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नोंदवलं आहे. अर्धा एकर म्हणजे आपल्या हिशेबात वीस गुंठे! चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं तर थराची जाडी किती, हा भागाकार आज शाळकरी मूलही करील. उत्तर येतं दोन-अडीच नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एका रेणूची लांबी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. फ्रँकलिन यांनी तो भागाकार केला नव्हता.

या थरांचं नेमकं मोजमाप सुरू झालं ते एका स्वयंपाकघरात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी आजारी आईवडिलांची सेवा करत घर सांभाळायची. विद्यापीठाचं दार तिला बंद होतं. भांडी घासताना तेलकट पाण्याचं वागणं पाहून तिने पत्र्याचं लांबट तसराळं केलं, त्यावर आडवी पट्टी सरकवून थर दाबण्याची युक्ती काढली आणि टिपणं ठेवली. १८९१ च्या जानेवारीत तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्या मोठ्या माणसाने ते आपल्या शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तशाच तसराळ्याची सुधारित आवृत्ती वापरली. त्यांना १९३२ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठीच.

आता पाण्याऐवजी सोनं घ्या. १९८३ साली बेल प्रयोगशाळेतल्या राल्फ नुझो आणि डेव्हिड अ‍ॅलारा यांनी दाखवलं की डोक्याशी गंधक असलेले लांबट रेणू सोन्यावर आपणहून चिकटतात. सोन्याचा पत्रा द्रावणात बुडवून ठेवायचा, एवढंच. गंधकाने सोनं धरायचं, बाकीची शेपटी वर. शेतात ज्वारी उभी राहावी तसे रेणू दाटीवाटीने, थोडे कललेले, उभे राहतात. एका चौरस मिलिमीटरच्या 'शेतात' साधारण साडेचार लाख कोटी ताटं! आणि उंची जेमतेम दोन नॅनोमीटर.

खाली सोनं, मध्ये हे पीक. वीज मोजायची तर वरून दुसरी तार लावायला हवी. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

वरून सोन्याची तप्त वाफ सोडावी तर तिचे अणू पिकाच्या फटींतून खाली उतरतात आणि दोन्ही सोनी एकमेकांना भिडतात. झालं शॉर्ट सर्किट! टोकदार सुई टेकवावी तर जोर थोडा जास्त झाला की पीक आडवं, कमी झाला की मध्ये हवा. पाऱ्याचा थेंब ठेवावा तर पारा सोन्यात मुरतो. म्हणून काहींनी गॅलियम आणि इंडियम यांचं, खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं मिश्रण वापरलं. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००८ साली ही युक्ती मांडली. दुधावर साय धरावी तशी या द्रवावर ऑक्साइडची साय धरते. तिच्यामुळे त्याला सुईसारखं टोक काढता येतं आणि ते थराला इजा न करता हलकेच टेकतं. त्याआधी २००६ मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी थर आणि वरचं सोनं यांच्यामध्ये वीजवाहक प्लास्टिकची गादी घातली. त्यांच्या शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जोडण्या शॉर्ट न होता टिकल्या.

म्हणजे दारं अनेक झाली. पण दार बदललं की आतली वस्तीही वेगळी भासू लागली.

मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. गाडी धावते वेगातच. पण सकाळी नऊ वाजता तुमचा प्रवास कशावर अवलंबून असतो? दारावर. दारात किती रेटा आहे, फलाट आणि पायरी यांत किती अंतर आहे, लोक आधी उतरतात की आधी चढतात यावर. नुसता डबा किती लांब आहे हे मोजून काय उपयोग? आयबीएममधल्या रोल्फ लँडाउअर यांनी १९५७ पासून मांडलेल्या विचारातून पुढे हाच निष्कर्ष निघाला. इलेक्ट्रॉनला एकच अरुंद वाट असेल, तर ती वाट कितीही निर्दोष असो, सुमारे १२,९०० ओहमचा रोध शिल्लक राहतोच. तो रोध वाटेत नसतो, रुंद धातूतून अरुंद वाटेत शिरण्याच्या जागी असतो. हा विचार विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्यात खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे सुप्रियो दत्ता यांचा वाटा मोठा आहे.

हा परिणाम किती मोठा असावा? २००१ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या स्टुअर्ट लिंडसे यांच्या गटाने तो थेट दाखवला. आठ कार्बनांचे रेणू. एका प्रकारात रेणूची दोन्ही टोकं सोन्याशी रासायनिक बंधाने जोडलेली. दुसऱ्यात एक टोक जोडलेलं आणि दुसऱ्यावर सुई नुसती टेकवलेली. मधला सांगाडा तोच, पण नुसत्या टेकवलेल्या जोडणीचा रोध किमान दहा हजारपट जास्त! शेजारी उभं राहणं आणि हात हातात घेणं यांत जो फरक, तोच हा.

मग रेणूचा दोष किती आणि दाराचा किती, हे वेगळं कसं काढायचं? यावरची तोड रिक्षाच्या मीटरसारखी आहे. मीटर टाकताच जे किमान भाडं पडतं ते अंतरावर अवलंबून नसतं. पुढे दर किलोमीटरला ठरलेली रक्कम चढते. दोन वेगवेगळ्या अंतरांची भाडी माहीत असली की किमान भाडं आणि दर दोन्ही काढता येतात. तसंच आठ, दहा, बारा, चौदा कार्बनांचे रेणू घेऊन वीज मोजायची. साध्या मेणासारख्या साखळीत एक कार्बन वाढला की प्रवाह जवळपास एकतृतीयांशावर येतो. (इथे बेरजेऐवजी गुणाकार चालतो एवढाच रिक्षापेक्षा फरक.) १९७१ साली जर्मनीत मान आणि कून यांनी लांबीबरोबर प्रवाह असा झपाट्याने घटतो हे दाखवलं होतं. तो झाला रेणूचा 'दर'. आलेखावरची रेघ मागे ओढत शून्य लांबीपर्यंत नेली की जे उरतं ते किमान भाडं, म्हणजे कॉन्टॅक्ट. मिनेसोटा विद्यापीठात फ्रिस्बी यांच्या गटाने २००२ मध्ये चांदी, सोनं, पॅलेडियम, प्लॅटिनम असे धातू बदलून पाहिलं. दर जवळजवळ तोच राहिला. किमान भाडं मात्र धातूगणिक बदलत गेलं.

आणि दार जेवढं दिसतं तेवढं उघडं तरी असतं का? धातूवर धातू ठेवला तर डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, हे रॅग्नार होल्म यांनी रिले आणि स्विचच्या जमान्यातच सविस्तर लिहून ठेवलं होतं. आमच्या मामांना होल्म ठाऊक नव्हते, पण ठिपक्यांची जोडी ठाऊक होती. गॅलियमच्या त्या मऊ टोकाचीही हीच कथा निघाली. व्हाइटसाइड्स यांच्याच गटाने २०१३ मध्ये हिशेब मांडला की टेकलेल्या दिसणाऱ्या जागेपैकी साधारण दहा हजारावा हिस्साच प्रत्यक्षात वीज नेतो. पंगत हजारोंची, वाढपी मूठभर.

माझ्या मुलीचं काय झालं होतं? तिच्या रेणूची रचना अशी होती की वीज एका दिशेने सुखाने जावी, उलट दिशेने अडावी. अशा झडपेला आपण डायोड म्हणतो. एकच रेणू डायोडचं काम करील ही कल्पना अविराम आणि रॅटनर यांनी १९७४ मध्ये कागदावर मांडली होती. मुलीच्या आलेखात ती एकतर्फी वाट सुरेख दिसत होती. लेख लिहून तयार होता, गाइड खूश होते. शेवटची खातरजमा म्हणून तिने साध्या, काहीच करामत नसलेल्या मेणासारख्या रेणूंचा थर घेतला. त्यातही तीच एकतर्फी वाट दिसली! मग लक्षात आलं की एकच टोक पुन्हा पुन्हा वापरल्याने त्यावरची साय जाड आणि मळकट झाली होती. ताजं टोक घेतलं तेव्हा झडप जवळजवळ नाहीशी झाली.

शिष्यवृत्तीचे आठ महिने उरले होते. साध्या थराचा प्रयोग तिने स्वतःहून केला होता. तो कोणी मागितला नव्हता, आणि वहीतलं ते पान कोणी पाहिलंही नव्हतं. गाइड म्हणाले, "तू ठरव."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की पोरी, आत्ता गप्प राहा, पदवी पदरात पाडून घे. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले ते एका जुन्या आठवणीने.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका लाइनची तक्रार वारंवार यायची. मध्येच मुकी होते, मध्येच बोलते. मी जाऊन टेस्ट फोन लावला की हमखास चालू! एका वायपरचा कॉन्टॅक्ट मळला होता आणि माझ्या हाताचा धक्का लागला की तेवढ्यापुरता जुळत होता, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या खेपेला मी कंटाळून शेरा मारला, 'तपासले, ठीक आहे'. तो फोन एका दवाखान्याचा होता. त्याच रात्री तो लागला नाही. पेशंटला सायकलवर बसवून न्यावं लागलं. माणूस वाचला, पण मामा दुसऱ्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाले, "दोष सापडला नाही असं लिहायला लाज नाही. ठीक आहे असं का लिहिलंस?"

ही गोष्ट मी घरात कधी कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्री मुलीला सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि "बघते, बाबा" म्हणून फोन ठेवला.

तिच्या या चिमुकल्या क्षेत्राने अशा मोहाची जबर किंमत मोजली आहे. बेल प्रयोगशाळेतल्या यान हेंड्रिक शोन या तरुणाने २००१ मध्ये एका रेणूच्या थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे दावे केले. जगभरच्या प्रयोगशाळांनी तसं करून पाहिलं, कोणाला जमेना. मग दोन जागरूक संशोधकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतली बारीक थरथरसुद्धा हुबेहूब सारखी आहे. माल्कम बीस्ली यांच्या चौकशी समितीने सप्टेंबर २००२ मध्ये अहवाल दिला: २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन सिद्ध. शोन यांची नोकरी गेली. त्यांच्या मागे धावलेल्या कित्येक विद्यार्थ्यांची वर्षं गेली ती वेगळीच.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. अलाबामा विद्यापीठाचे रॉबर्ट मेट्झगर यांनी १९९७ मध्ये रेणूच्या थराची डायोड दाखवली, पण तिला तारा होत्या अ‍ॅल्युमिनियमच्या. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. मग ही करामत रेणूची की पापुद्र्याची? त्यांनी २००१ मध्ये दोन्ही बाजूंना सोनं लावून तोच प्रयोग पुन्हा केला आणि डायोड तिथेही दिसली.

ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत तर दोषातूनच भाग्य उजळलं. रेणूंचा थर स्विचसारखा चालू-बंद होतो असं दिसत होतं. स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने चिकाटीने शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की खरा कारभार वरच्या तारेतल्या टायटॅनियमचा आणि त्याच्या ऑक्साइडचा आहे. रेणू बिचारे बघे! त्यांनी ते झाकून ठेवलं नाही. त्यातूनच २००८ मध्ये, लिऑन चुआ यांनी १९७१ साली कागदावर भाकीत केलेला 'मेमरिस्टर' हाती आल्याचं त्यांनी जाहीर केलं.

एका रेणूची झडप हे मृगजळ आहे असं मात्र कोणी समजू नये. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात क्रिस्टियन नायहाउस यांच्या गटाने २०१७ मध्ये अशा थराची डायोड बनवली. तिच्यात सुलट प्रवाह उलट प्रवाहाच्या लाखपटींहून अधिक होता. आणि हा केवळ प्रयोगशाळेतला खेळही उरलेला नाही. सिलिकॉनच्या पुढची चिप जेमतेम तीन अणूंच्या जाडीच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या थरांवर बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिथेही वर्षानुवर्षं गाडी अडली ती धातू आणि थर जिथे भेटतात तिथेच. २०२१ मध्ये अमेरिका आणि तैवानच्या संशोधकांनी नेहमीच्या धातूंऐवजी बिस्मथ लावून पाहिला, तेव्हा तो अडथळा खूपच कमी झाला.

त्या फोननंतर नऊ दिवसांनी मुलीचा पुन्हा फोन आला. तिने तयार लेख मागे घेतला होता. साध्या थराचे आकडे, ताज्या टोकाचे आकडे, शिळ्या टोकाचे आकडे, सगळं मांडून तिने टोकाच्या सायीवरच एक प्रकरण लिहायला घेतलं होतं. पदवीला सात महिने उशीर झाला. शिष्यवृत्ती संपल्यावर ती मैत्रिणीच्या खोलीत राहिली. आम्ही इथून थोडे पैसे पाठवले आणि तिच्या आईने जमेल तेवढी कुरकुर केली. लेख छापून आला तो मोठ्या नव्हे, एका बेताच्या नियतकालिकात. गेल्या वर्षी तिला एका परक्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. त्याच्याही आलेखात तशीच एकतर्फी वाट दिसत होती, आणि तिचा लेख वाचून त्याने आधी टोक बदलून पाहिलं होतं.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी ड्रॉवरमधली ती पट्टी तिला दिली. तिने ती बोटांत धरून उजेडात पाहिली आणि मामांचं नाव विचारलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चटणीच्या ऐन वेळी मिक्सर बंद पडलाय. मोटर जळली की काय?"

आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "आधी प्लग बघ!"

प्लगच सैल होता.